एक फुटाची विक्रांत आणि तिच्याभोवतीचं पाणी

गणपतीच्या देखाव्यात तळं हवं असलं की आपण आरसा आडवा ठेवतो, कडेने हिरवा भुसा पसरतो आणि मोकळे होतो. दिवाळीच्या किल्ल्याला खंदक हवा असेल तर निळा जिलेटिन कागद. त्यावर बदकं, होड्या छान दिसतात. पण त्याच आरशावर एखाद्या युद्धनौकेचं छोटं मॉडेल ठेवून बघा. डेकवरची विमानं, कठडे, अँटेना सगळं महिनाभर खपून बसवलेलं असतं आणि तरी ते जहाज क्षणात खेळणं होतं. जहाजाचं काही चुकलेलं नसतं, चुकलेलं असतं पाणी.

उदाहरणासाठी आपण आयएनएस विक्रांत घेऊ, भारताची पहिली विमानवाहू नौका. तिची लांबी सुमारे ७०० फूट. छोट्या जहाजांच्या मॉडेलसाठी १:७०० हे माप जगभर वापरलं जातं, त्यामुळे हिशेब अगदी सोपा होतो. तुमच्या टेबलावरची विक्रांत एक फुटाची. खरी विक्रांत आता कुठेच बघायला मिळणार नाही. १९९७ मध्ये ती नौदलातून निवृत्त झाली, पुढे काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिचं थोडं पोलाद बजाजच्या एका मोटरसायकलमध्ये गेलं. घरातल्या मुलांना ती दाखवायची तर छायाचित्रात किंवा मॉडेलमध्येच. म्हणून ती खोटी दिसू नये असं वाटतं.

आता एक साधा गुणाकार करा. मॉडेलपासून तुमचे डोळे साधारण ५० सेंटिमीटरवर असतात. गुणिले ७०० म्हणजे ३५० मीटर. तुम्ही जहाजाकडे धक्क्यावरून बघत नसता, हेलिकॉप्टरमधून बघत असता. तेव्हा पाणी कसं दिसतं हे शिकायचं तर समुद्र उंचावरून बघायला हवा आणि त्यासाठी माझी आवडती जागा आहे विशाखापट्टणमची कैलासगिरी टेकडी. ३५० मीटरच्या मानाने ती बुटकीच आहे, पण आपलं काम भागतं. रोपवेने वर जा. बहुतेक लोक शंकर-पार्वतीच्या भव्य मूर्तींपुढे फोटो काढत असतात. तुम्ही कठड्यापाशी दहा मिनिटं नुसते उभे राहा.

पहिली गोष्ट जाणवेल ती ही, की किनाऱ्याजवळची पट्टी सोडली तर पाणी पारदर्शक दिसतच नाही. ते रंगवलेल्या पत्र्यासारखं अपारदर्शक दिसतं, वर फक्त आभाळाची चकाकी. काचेसारखं रेझिन ओतून केलेला समुद्र १:७०० मध्ये फसतो तो इथेच. जहाजाच्या बुडाखालचं टेबल दिसायला लागतं. दुसरी गोष्ट रंगाची. वाळूजवळ मातकट हिरवा, मग फिकट हिरवा, मग निळसर आणि पुढे गडद निळा, त्यात ढगांच्या सावल्यांचे जवळजवळ काळे डाग. ट्यूबमधून थेट आलेला निळा कुठेही नाही. तिसरी गोष्ट म्हणजे लाटांची उंची वरून कळतच नाही, कळतो तो पोत आणि पोताची दिशा. एक मीटरची लाट तुमच्या टेबलावर जेमतेम दीड मिलिमीटरची होते. हौशी लोक बोटभर उंचीच्या लाटा करतात. बोटभर म्हणजे या मापात ५० मीटर! त्या समुद्रात विक्रांत टिकली नसती.

खाली उतरल्यावर रामकृष्ण बीचवर कुरसुरा पाणबुडीचं संग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर ते चुकवू नका. याच शहराबाहेरच्या समुद्रात डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बुडाली. ती आली होती विक्रांतच्या शोधात आणि विक्रांत तेव्हा तिथे नव्हतीच, तिला अंदमानकडे हलवलं होतं.

पाणी जवळून बघायचं तर मुंबई. गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडा, साधारण तासाभराचा प्रवास आहे. (सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.) वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला जागा मिळवा. इथलं पाणी गाळामुळे चहासारखं, कधी शेवाळी. शेजारून जाणाऱ्या लाँचकडे बघा. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, पाणी फाटून दोन्ही बाजूंना लाटांचे तिरपे पदर निघतात. त्यांचा मागे पसरत जाणारा इंग्रजी व्ही खोल पाण्यात साधारण ३९ अंशांचा असतो आणि तो होडी असो की मोठं जहाज, जवळजवळ तेवढाच राहतो. मॉडेलवर कोनमापक लावून आखायला हरकत नाही. मधोमध पंख्याने घुसळलेला पांढुरका पट्टा असतो. तो लवकर विरतो, पण त्या वाटेवरचं पाणी नंतर बराच वेळ आजूबाजूपेक्षा गुळगुळीत दिसतं. नांगरलेल्या बोटींकडेही नजर टाका. प्रवाहाचा जोर असला की त्या बहुतेक एकाच दिशेला तोंड करून असतात. बंदराचा देखावा करताना चार बोटी चार दिशांना तोंड करून ठेवल्या, की जाणकार माणूस लगेच हसतो.

वेग बदलला की मात्र एक गोष्ट बदलते. जहाजाच्या अंगालगत जे उंचवटे उठतात, त्यांच्यातलं अंतर वेगावर ठरतं. १५ नॉट वेगाला हे अंतर सुमारे ३८ मीटर, म्हणजे मॉडेलवर साडेपाच सेंटिमीटर. २४ नॉटला ते जवळजवळ १०० मीटर होतं, म्हणजे १४ सेंटिमीटर. नजर तयार झाली की नुसतं पाणी बघून जहाजाचा वेग सांगता येतो.

आणि विक्रांतच्या बाबतीत हा वेग फार महत्त्वाचा आहे. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बॉयलरमध्ये दोष होता, त्यामुळे तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. त्याच अवस्थेत ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. मॉडेल करणाऱ्याला मोह होतो तो नाळेपाशी फेसाचा डोंगर उभा करायचा, मागे पांढरीशुभ्र वाट सोडायची. दिसतं जोरदार, पण ही ती विक्रांत नव्हे. आपली विक्रांत बेताच्या वेगाने चाललेली हवी, नाळेपाशी थोडाच फेस आणि अंगालगतचे उंचवटे पाच-साडेपाच सेंटिमीटरवर. तिने काय अडचणीत काम केलं ते त्या कमी फेसातच दिसतं. शिवाय विमान उडवताना जहाज वाऱ्याला सामोरं जातं, म्हणून वाऱ्याच्या लाटांच्या रेषा जहाजाला आडव्या हव्यात. डेकवर विमान उड्डाणाच्या तयारीत आणि लाटा मात्र कुशीवर, हे जुळत नाही.

आता हात चालवायला घ्या. सामान फारसं लागत नाही: एमडीएफची फळी, जाड खरखरीत जलरंग कागद, टिश्यू पेपर, फेव्हिकॉल, अॅक्रिलिक रंग आणि चकाकीचं वॉर्निश. कागद फळीवर चिकटवा, जहाज ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून टिश्यू त्यावर बसवा आणि ओला असतानाच ब्रशने बारीक सुरकुत्या आडव्या सरकवा. अंगालगतचे उंचवटे आणि व्हीचे पदर याच वेळी उठवायचे. पूर्ण दिवस वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस, घाई केली तर फेव्हिकॉल आतून पांढरट राहतो.

रंग गडद निळा, त्यात थोडा हिरवा, चिमूटभर तपकिरी. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला नद्यांचा गाळ येतो, तेव्हा देखावा किनाऱ्याजवळचा असेल तर तपकिरी वाढवा. जहाजाच्या मागच्या वाटेत रंग किंचित फिकट हिरवा करा, कारण तिथे पाण्यात हवा मिसळलेली असते. मग वॉर्निशचे तीन-चार पातळ हात. एकच जाड हात नको, तो जहाजाच्या कडेला चढून बसतो आणि पाणी पाकासारखं दिसतं.

फेस सगळ्यात शेवटी, वॉर्निश वाळल्यावर. फेस चकाकत नाही, म्हणून त्यावर पुन्हा वॉर्निश द्यायचं नाही. जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा टिपत जा आणि वाटतं त्याच्या निम्म्यावर थांबा. कापूस लावायचा सल्ला अनेक जण देतात. मोठ्या मापात तो चालेल, पण १:७०० मध्ये कापसाचा एक तंतूही बोटाएवढ्या जाड दोरासारखा होतो.

रेझिन अगदीच वाईट असं नाही. लक्षद्वीपच्या तळ दिसणाऱ्या उथळ पाण्यातली मोठ्या मापाची होडी करायची असेल तर रेझिनच हवं. हातमोजे घाला, खिडक्या उघडा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

राहिला सूर्य. पाण्यावरची चमक रंगवू नका, ती टेबललॅम्प करून देईल. डिसेंबरात त्या समुद्रावर वारा बहुधा ईशान्येकडून येतो, तेव्हा विमान उडवणाऱ्या विक्रांतचं तोंड ईशान्येला. त्या दिवसांत सकाळचा सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे तिच्या उजव्या हाताला. दिवा उजवीकडे, जरा खाली धरून ठेवा. विक्रांतचा मनोराही उजव्याच कडेला आहे, त्याची लांब सावली डेकवर आडवी पडेल आणि पलीकडचं पाणी काळसर होईल.