धंद्यांचा धडा

कोणत्याही परक्या भाषेचे बाळबोध पुस्तक उघडावे, आणि अंक, वार, शरीराचे अवयव व नातीगोती एवढी मजल मारून पुढे जावे, तर पाचव्यासहाव्या धड्याला व्यवसायांची यादी हटकून भेटते: शिक्षक, वैद्य, सुतार, कोळी, शेतकरी, शिपाई. या धड्याइतका निरुपद्रवी दिसणारा आणि इतका फसवा धडा दुसरा नसावा. कारण धंद्याच्या नावाने माणूस काय काम करतो हे सांगितले जाते अशी आपली समजूत असते, आणि ते नाव मात्र बहुधा तो कोणाच्या पदरी आहे, कोणत्या पाण्याकाठी आहे, किंवा त्याला सुट्टी कोणत्या वारी मिळते, एवढेच सांगून गप्प बसते. सेवानिवृत्तीनंतर पेणमध्ये बिऱ्हाड थाटल्यावर, ज्या भाषेचा आपल्याला कवडीचाही उपयोग नाही अशी एखादी भाषा निवांतपणे शिकावी या छंदापायी मी फिजी बेटांच्या भाषेचे एक प्राथमिक पुस्तक मिळविले, आणि त्यातल्या व्यवसायांच्या धड्याशी येऊन जो थांबलो तो पुढे फारसा सरकलोच नाही.

फिजीशी आपला संबंध तसा दुरूनच. १८७९ ते १९१६ या काळात कलकत्त्याहून, आणि पुढे मद्रासहूनही, साठ हजारांवर माणसे गिरमिटावर त्या बेटांतल्या उसाच्या मळ्यांत नेली गेली. परंतु कोकणातल्या कुणब्याला आणि आगऱ्याला पोटासाठी मुंबईची गिरणी आणि गोदी जवळची असल्यामुळे त्या गलबतांच्या वाटेला तो फारसा गेला नाही. त्या मळ्यांत गोऱ्या मुकादमाला मजूर ‘कुलंबर’ म्हणत, आणि हजेरीच्या वेळी नंबर पुकारण्याचा जो इंग्रजी हुकूम सुटे त्याचाच हा अपभ्रंश असे सांगतात. ज्याच्या हाताखाली राबायचे त्याचे नाव त्याच्या ओरडण्यावरून ठेवावे, यात मजुरांनी उगवलेला थोडासा सूड असावा असे मला आपले वाटते.

मूळच्या फिजी भाषेतले शब्द मात्र निराळ्या घडणीचे आहेत. तिथे वैद्याला ‘वूनिवाई’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे मूळ किंवा बुंधा, आणि ‘वाई’ म्हणजे पाणी, तसेच औषधही. कारकुनाला ‘वूनिवोला’ म्हणतात, कारण ‘वोला’ म्हणजे लेखन. ज्या माणसाने उभा जन्म सरकारी दफ्तरात काढला त्याला आपण लेखनाचे मूळ होतो हे त्या वयात कळावे, ही सुखद गोष्ट खरी. परंतु आपल्या भाषेनेही कारकुनाचा मान काही कमी ठेवलेला नाही. फारसीतून आलेल्या ‘नवीस’ या लिहिणाऱ्याला आपण ‘नीस’ करून घेतले आणि चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस अशी एक सबंध फळीच उभी केली. रोह्याला कायस्थ प्रभूंच्या जुन्या वस्तीतून संध्याकाळी सावकाश चालत जावे, म्हणजे दारांवरच्या पाट्यांतून एखाद्या किल्ल्याचा किंवा दरबाराचा निम्माअधिक कारभार वाचून होतो. त्या पाट्यांमागचे चिटणीस आता कोणाची चिठी लिहीत नाहीत आणि पोतनिसांच्या ताब्यात कसला खजिना नाही, ही गोष्ट अलाहिदा.

परंतु त्या धड्यातल्या ज्या शब्दाने मला खरोखर थांबविले, तो ‘मातानिवानुआ’ हा होता. फिजीतल्या नायकाच्या पदरी असलेला हा वक्ता. समारंभात नायक स्वतः बोलत नाही, हा त्याच्या वतीने बोलतो, नजराणे स्वीकारतो, आल्यागेल्यांचा यथोचित मान राखतो. ‘माता’ म्हणजे डोळा, चेहरा, आणि ‘वानुआ’ म्हणजे भूमी. भूमीचा चेहरा! हजारो कोसांचा समुद्र मध्ये असताना दोन समाजांनी एका हुद्द्यासाठी इतकी सारखी जोडणी करावी याचे नवल वाटून मी पुस्तक मिटले, कारण आपला ‘देशमुख’ याहून वेगळा काय आहे? आपला देशमुख परगण्याचा वतनदार, वसुलीचा अधिकारी. तो रयतेच्या वतीने सरकारशी बोले की सरकारच्या वतीने रयतेवर ओरडे, हा प्रश्न मात्र वतनाच्या कागदांनी कधी नीट सोडविलेला दिसत नाही.

रोह्यात हा विचार मनात आला की चिंतामणराव देशमुखांची आठवण टळत नाही. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला आणि रोह्याशी घरोबा असलेला हा बुद्धिमान मनुष्य आय. सी. एस. झाला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, आणि एका भारतीयाची सही त्या बँकेच्या नोटेवर प्रथमच उमटली. पुढे ते अर्थमंत्री झाले, कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले, आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावरून त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. मेघदूताचे मराठी रूपांतर करणाऱ्या त्या संस्कृतज्ञाला स्वतःच्या आडनावातली फोड कोणी सांगावयाची गरज नव्हती. वतने गेली, हुद्दा गेला, पण त्या एका प्रसंगी नावाने आपले काम बजावले.

पेणच्या बाजूला शब्दांना खाऱ्या पाण्याची चव आहे. तालुक्याचा खारेपाट हा भरतीच्या पाण्यातून बांध घालून सोडविलेला मुलूख. ज्यांनी पदरचा पैका घालून ते बांध घातले ते ‘शिलोत्री’, आणि बांधाच्या दुरुस्तीपोटी जमीन कसणाऱ्यांकडून ते भात वसूल करून घेत. मिठाच्या आगरांवर राबणारे ते आगरी. बांधाला बसविलेल्या ज्या दारातून ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडतात ती ‘उघाडी’. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही उघाडी निखळली किंवा बांधाला खांड गेली तर भाताचे शेत एका रात्रीत खारे होते, आणि ती खारटाण उतरायला वर्षे जातात. म्हणून पावसाळ्यातल्या उधाणाच्या रात्री कोणीतरी कंदील, अलीकडे बॅटरी, घेऊन बांधावरून चालत जातो, ठिकठिकाणी पायाने चिखल दाबून पाहतो, खेकड्यांनी केलेल्या बिळांतून पाणी झिरपते का हे वाकून पाहतो. शिलोत्र्याला नाव आहे. वर बसून वसूल खाणाऱ्या खोताला तर नाव होतेच होते, आणि चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून, व पुढे १९४९ च्या कायद्याने, खोती संपविली तरी ‘खोतांचा वाडा’ म्हणून ते अजून गावोगाव शिल्लक आहे. रात्री बांधावर वाकलेल्या माणसाला मात्र वेगळे नाव मिळालेले मी ऐकलेले नाही. “बांधावं गेलाय,” एवढेच घरातून सांगतात.

काही नावे कामावरून पडली आणि कामाच्या पुढे जगली. कोकणातले बेने इस्राएल खेड्यापाड्यांतून तेलाचे घाणे चालवीत आणि धर्माज्ञेप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. म्हणजे धंद्याचे नाव काम न करण्याच्या दिवसावरून ठरले. घाणे थांबले, १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, आणि पेणकर, अष्टमकर ही आडनावे घेऊन कुंडलिकेच्या काठची अष्टमी भूमध्य समुद्राकाठी जाऊन राहिली. कातकऱ्यांची कथा इतकी गोड नाही. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी; खैर तोडण्यावर बंदी आली तसा कात गेला, मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग वीटभट्ट्या, आणि कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर दूरदूरच्या भट्ट्यांवर जाऊ लागली. विटा पाडणाऱ्याला गाव अजून कातकरीच म्हणतो. कागदोपत्री ही जमातीची ओळख झाली हे खरे, परंतु हिरावून घेतलेल्या धंद्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या वाहण्यातला क्रूरपणा त्यामुळे कमी होत नाही.

या शब्दांची सगळ्यांत मोठी गर्दी पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत आहे. शिवकाळात ज्या ‘कारखान्या’चा हिशेब कारखानीस ठेवी तो शब्द इथे हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांच्या घराघरांत अजून चालता आहे, मालक तो कारखानदार, बाहेरचे लोक ज्याला मूर्तिकार म्हणतात तोही गावात कारखानदारच. त्याच्याखाली साचे भरणारे, सांधे घासणारे, पॉलिश कागद मारणारे, अंगाचा रंग फवारणारे, सोनेरी लावणारे, खडे चिकटविणारे. आणि सर्वांच्या शेवटी आखणी. मूर्ती डोळ्यांच्या उंचीवर घेऊन, मनगट दुसऱ्या हाताच्या मुठीवर टेकवून, बारीक ब्रशाने आधी भुवई, मग वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ. श्वास सुटतो तो रेघ संपल्यावर. दोन डोळे एकमेकांशी जुळले नाहीत तर आधीची सगळी मेहनत मातीत जाते. कच्च्या मूर्ती मुंबई-पुण्याला जातात त्यापेक्षा आखणी झालेल्या मूर्तीची किंमत वेगळी, ती या चार रेघांमुळे.

फिजी भाषेत यासाठी एक सोय आहे. क्रियापदाच्या आधी ‘न्दाऊ’ लाविला की ते काम नेहमी करणारा, त्यात मुरलेला मनुष्य तयार होतो. मासे धरणारा, शेत कसणारा, कोणालाही वगळलेले नाही. आमच्याकडे ही सोय नाही असे नाही, परंतु ती कोणाला द्यावयाची याचा विचार झालेला दिसतो. पेणमधल्या बायका पापड लाटतात, पोहे पाखडतात, मूर्तींना खडे लावतात, आखणीसुद्धा करतात, आणि विचारले तर नाम सांगत नाहीत, क्रियापद सांगतात: लाटायला जाते, रंगवायला बसते. धाटावच्या किंवा नागोठण्याच्या रासायनिक कारखान्यात लागलेला त्यांचा मुलगा ‘कंपनीत आहे’; तोही कसल्या कामावर, ते सांगायला आईला दोनदा विचार करावा लागतो.

श्रावणात अशाच एका कारखान्यात बसलो असताना आखणी करणाऱ्या एका बाईंना मी ही सगळी हकिकत, ‘न्दाऊ’सकट, उत्साहाने ऐकविली, आणि तुमच्या कामालाही एक चांगलेसे नाव असावयास पाहिजे असे म्हटले. त्यांनी हातातली पापणी पुरी केली, ब्रश धुतला, आणि म्हणाल्या, “नाव कशाला पायजे, काका? शेठना सांगा, नगामागं दोन रुपये वाढवा.”