सलाम करणारा सरडा

भाचा पुण्यातून नोकरीसाठी आखातात गेला आणि जाताना त्याचे दोन सरडे जयसिंगपुरात आमच्याकडे ठेवून गेला. "मामू, फक्त सहा महिने," म्हणाला होता. आता दोन वर्षं होत आली.

हे बिअर्डेड ड्रॅगन, मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले. गळ्याखाली काटेरी झालर, राग आला की फुगते आणि काळी पडते. अम्मीने पेटीत डोकावलं आणि दोन पावलं मागे सरली. "ये क्या गिरगिट उठाको लाया रे?" इब्राहिम अलैहिस्सलाम यांच्या आगीवर फुंकर मारल्याची गोष्ट हदीसमध्ये पालीबद्दल येते, पण आमच्या मोहल्ल्यात तिचं पाप सरड्याच्याही माथी मारलेलं. लहानपणी मीही त्यापायी दगड मारलेत. आता तोच प्राणी हॉलमध्ये.

दोघं एकाच जुन्या फिशटँकमध्ये राहायचे. मोठा दिव्याखाली, धाकटा बहुतेक वेळा त्याच्या पोटाखाली किंवा कोपऱ्यात. मोठा डोकं खालीवर हलवायचा, मग धाकटा पुढचा एक पाय उचलून हळूच गोल फिरवायचा. पाहुणे आले की मुलगी दाखवायची, "बघा, सलाम करतो." मी तर व्हिडिओ काढून भाच्याला पाठवला होता. भाऊभाऊ किती गुण्यागोविंदाने राहतात, असं खाली लिहून.

एका सकाळी धाकट्याच्या शेपटीचं टोक नव्हतं. टँकमध्ये रक्ताचे ठिपके. मी मुलीला म्हटलं, घाबरू नको, पालीसारखी परत येईल. सांगलीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी ते खोडून काढलं. या जातीची शेपटी पुन्हा वाढत नाही. त्यांनी दोघांना तोललं. एकाच वयाचे, एक ३१० ग्रॅम, दुसरा १६०. "दोन्ही नर आहेत. एकत्र ठेवलेत कशाला?" मग त्यांनी समजावलं. हा एकट्याने राहणारा प्राणी. अंगावर चढून बसणं हे प्रेम नाही, उबेची जागा बळकावणं आहे. आणि पाय फिरवणं म्हणजे मी लहान आहे, मला मारू नको.

परतताना बसमध्ये मुलगी काही बोलली नाही. मला माझ्या वर्गातला दुसऱ्या बाकावरचा एक पोरगा आठवत होता, जो कायम हसतो आणि डबा कधी पुरा खात नाही.

पेट्या घरीच करायच्या ठरल्या. एकाला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच जागा हवी. प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट बरोबर एका पेटीला पुरते: तळ, छत आणि पाठ चार बाय दोनच्या, बाजू दोन बाय दोनच्या. तुकडा वाया जात नाही. गल्लीतल्या सुतारमामांना हा हिशोब इतका आवडला की मजुरी कमी केली. समोर ॲल्युमिनियमच्या पट्टीत सरकत्या काचा, हवेसाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर भोकं. वॉर्निशचा वास पुरता जाईपर्यंत पेट्या गच्चीवर उघड्या ठेवल्या.

एका टोकाला दिवा आणि त्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा. तिथे ४० अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २५-२६. सरडा स्वतःच तापायला आणि निवायला जागा बदलतो, म्हणून पेटी लांब लागते. आमच्या टँकमध्ये सगळीकडे एकच हवा होती, पळणार कुठे? दुसरी चूक खिडकीची. ऊन येतंय म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण हाडांसाठी लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. त्याची वेगळी ट्यूब घ्यावी लागली. ती वर्षाने बदलायची, उजेड तसाच दिसला तरी. वाळू घातली नाही, पोटात जाऊन अडकू शकते. खाली पेपर अंथरतो. उर्दू पेपर मात्र कधीच नाही, त्यावर कुठे ना कुठे अल्लाहचं नाव असतं.

पेट्या शेजारीशेजारी आहेत, पण मधली भिंत प्लायवूडची. नजरेला नजर पडली तरी धाकट्याचं खाणं सुटतं.

शाळेत ही गोष्ट सांगितली तर एकाने विचारलं, सर, उसातली घोरपड आणून देऊ का? त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा समजावण्यात अर्धा तास गेला.

अम्मीचं मन कसं वळलं ते नक्की कळलं नाही. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तिनेच एकदा जेवताना काढली. "कोंडा है तो खिलाना पडता," म्हणाली. तेव्हापासून अंगणातली जास्वंदीची पानं, फुलं तीच धुऊन चिरून ठेवते. किड्यांना आणि त्यांच्यावर भुरभुरायच्या कॅल्शियमला मात्र हात लावत नाही.

वेगळं केल्यावर पहिल्याच आठवड्यात धाकट्याने पुन्हा पाय फिरवला. समोर कोणी नव्हतं. काचेत त्याचंच प्रतिबिंब पडत होतं. मी त्या बाजूला आतून कागद चिकटवला. मग तो फरशीवर जाऊन बसला, अंग पसरून, अगदी सपाट.

मागच्या रविवारी तोलला, २७० भरला. तो जुना व्हिडिओ मुलीने माझ्या मोबाइलमधून काढून टाकला आहे.