तारेपासून चार फूट

18 डिसेंबर 2024, बेळगाव
निपाणीचं काम आलं. नवी चारमजली इमारत, कापडाचं दुकान. दर्शनी भिंतीवर 40 बाय 20 चा बॅनर. संक्रांतीला उद्घाटन. हो म्हटलं नाही. जागा बघून सांगतो म्हटलं.

20 डिसेंबर
निपाणी. भाचा बरोबर. इमारत देखणी आहे. पण समोरून अकरा केव्हीची लाइन. डाव्या कोपऱ्यात तार फारच जवळ आलेली.
तारेच्या बरोबर खाली जमिनीवर खूण केली, तिथून भिंतीपर्यंत टेप लावला. साडेचार फूट. नियम 1.2 मीटरचा, म्हणजे चार फूट. फ्रेम अर्धा फूट पुढे येणार. उरले नेमके चार. भिंतीला तेवढं पुरेल. वर चढलेल्या माणसाला आणि त्याच्या हातातल्या वीस फुटी पाइपला नाही पुरणार.
मालकांना सांगितलं, लाइन बंद करून घ्या, मगच हात लावतो.
"रात्रीत उरकून टाका की. कोण बघतंय?"
रात्रीही तार चालूच असते, म्हटलं.
येताना तवंदी घाटात भाचा म्हणाला, "मामा, दुसरे लावतातच की." उत्तर दिलं नाही.

22 डिसेंबर
शहर उजळलंय. काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं होतात. 1924, टिळकवाडी. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं एकमेव अधिवेशन. 27 ला मोठी सभा. एका कंत्राटदाराकडून आम्हाला कॉलेज रोडवरच्या इमारती मिळाल्या. पोरं मध्यरात्र उलटेपर्यंत दोऱ्या आवळत होती.

24 डिसेंबर
पहाटे दव. पाइप निसरडे, फ्लेक्स ताठर. नऊच्या आधी कुणाला वर सोडत नाही.
थंडीत ताणलेला फ्लेक्स दुपारी उन्हात सैल पडतो. संध्याकाळी पुन्हा फिरून आवळला.

25 डिसेंबर
रात्री निपाणीचा हिशेब मांडला. 800 चौरस फूट, म्हणजे 74 चौरस मीटर. 440 जीएसएमचा फ्लेक्स, वजन 33 किलो. दोन पोरं खांद्यावर टाकून जिना चढतील. त्यावर ताशी 72 किलोमीटरचा वारा आला तर दाब होतो 1,800 किलोच्या आसपास. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. मालकांना 33 किलो दिसतात.
काही जण वारा जायला फ्लेक्सला चिरा पाडतात. मला ते पटत नाही. वारा त्यातून फारसा जात नाही, फाटायला मात्र सुरुवात तिथूनच होते. जोर फ्रेमवर हवा. अँकर काँक्रीटच्या बीममध्ये, विटांत नाही.

26 डिसेंबर
शहरातल्या काही फ्लेक्सवर भारताचा नकाशा चुकीचा छापलाय, त्यावरून गदारोळ. लगेच आपले सगळे पाहून आलो. आपल्याकडच्या एकावरही नकाशा नाही.
रात्री उशिरा बातमी. मनमोहन सिंग गेले.

27 डिसेंबर
सभा रद्द. सात दिवसांचा दुखवटा. दुकानदार विचारतात, हे काढायचं की राहू द्यायचं? कंत्राटदार फोन उचलत नाही. पोरांची मजुरी घरातून दिली.

30 डिसेंबर
निपाणीचं डिझाइन आलं. वरचा साठ टक्के भाग कन्नड, भाषा कायद्याच्या 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे. खाली मराठी आणि इंग्रजी दाटीवाटीनं. दुकानात पाऊल टाकणारी बहुतेक माणसं मराठी बोलणारी. डिझायनरला म्हटलं, इंग्रजी ओळ लहान कर, मराठीला जागा दे. कायद्यात बसतं. जाड टाइप घे, रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्या माणसाला वाचता आलं पाहिजे.
कापडावर छापूया का, हेही विचारलं. राज्यात 2016 पासून प्लास्टिकच्या फ्लेक्सला बंदी आहे. मालक दर ऐकून गप्प झाले.

2 जानेवारी 2025
ताईचा फोन. "त्याला वर चढवू नको रे." गच्चीवरच ठेवतो म्हटलं. भाचा शेजारीच ऐकत उभा. तोंड पाडून बसला.

4 जानेवारी
निपाणीचे मालक दुसऱ्याकडे गेले असं कळलं. सभेचे पैसे अडकलेले, आता हेही.
भाचा: "मामा, काम गेलं तर काय करूया?"
झोप नाही.

5 जानेवारी
घाटकोपर डोक्यातून जात नाही. 13 मे 2024. परवानगी 40 बाय 40 पर्यंत, जाहिरातीचा फलक उभा होता 120 बाय 120. पेट्रोल पंपावर कोसळला, 17 माणसं गेली. वारा नेहमीचाच, वळवाआधीचा. तो फलक शेकडो लोकांनी रोज पाहिला असेल.

8 जानेवारी
गेल्या वर्षी आजच्याच दिवशी गदग जिल्ह्यात, सुरणगी गावात, अभिनेता यशच्या वाढदिवसाचा कटआउट उभा करताना तीन पोरं विजेच्या तारेला लागून गेली. लोखंडी फ्रेम होती. पोरं भाच्याच्या वयाची.
त्यानं मोबाईलवर ती बातमी काढली. दोनदा वाचली. बोलला नाही. दुपारी गोदामातले सगळे बेल्ट बाहेर काढून शिलाई तपासत बसला. एक बाजूला टाकला, बकल सरकत होतं.

9 जानेवारी
मालकांचा फोन. दुसऱ्यानं भिंत बघितली आणि परत आलाच नाही. "करा तुमच्या पद्धतीनं." हेस्कॉम या वीज कंपनीच्या ऑफिसात लाइन क्लिअरचा अर्ज त्यांनीच दिला.

11 जानेवारी
फ्रेम खाली दोन भागांत जोडून घेतली. वेल्डर हुक्केरीकडचा, कन्नड बोलणारा. त्यानं सांधा पुन्हा पुन्हा ठोकून बघितला. वरच्या ओळीत एक जोडाक्षर चुकलंय, हेही त्यालाच दिसलं. ती पट्टी पुन्हा छापायला दिली.

13 जानेवारी, भोगी
साडेनऊला लाइनमन आले. दोन्हीकडून लाइन तोडली, अर्थिंग लावलं. त्यांनी हात वर करेपर्यंत पाइपला कुणी शिवायचं नाही, असं ठरलेलं.
लाइफलाइन गच्चीवरच्या कॉलमला बांधल्या. कठड्याला नाही. तो नुसता विटांचा. भाचा दोरीपाशी, पूर्ण वेळ. एका पोरानं उकडतंय म्हणून बेल्ट सैल केला, तर भाचा वरूनच ओरडला. काम थांबवलं, बेल्ट आवळला, मग पुढे.
आधी वरची कड, मग खालची. मधून सुरुवात, दोन्ही बाजूंना सरकत. दोन पट्ट्यांचा सांधा आडवा येतो, तिथे सुरकुती राहू दिली नाही. बाराच्या आत सगळे खाली. सामान मोजलं, मगच लाइन चालू करा म्हणून सही दिली.
डाव्या कोपऱ्यात फ्रेम ते तार, पुन्हा जमिनीवरून मोजलं. चार फूट.

14 जानेवारी
उद्घाटनाला बोलावलं होतं, गेलो नाही. अंग दुखतंय. ताईनं तिळाच्या वड्या पाठवल्या.

17 जानेवारी
हुतात्मा दिन. सकाळी हुतात्मा चौकात गेलो, सीमालढ्यातल्या 1956 च्या हुतात्म्यांना अभिवादन. गर्दीत जुने ओळखीचे चेहरे कमी होत चाललेत.
दुपारी निपाणी. दोऱ्या पाहिल्या, एक कोपरा सैल, आवळला. रस्त्यापलीकडे चहा घेतला. तिथून मराठी ओळ नीट वाचता येते. बराच वेळ बघत होतो.

21 जानेवारी
डिसेंबरात रद्द झालेली सभा आज झाली, सीपीएड मैदानावर. सुवर्णसौधसमोर गांधीजींच्या पुतळ्याचं अनावरण. आमचे फ्लेक्स टिकले. डिसेंबरचे निम्मे पैसे आले.

22 जानेवारी
काढायला सुरुवात. लावण्यापेक्षा काढताना जास्त भीती. पोरं दमलेली असतात, दोर सरळ कापतात. आधी खालची कड मोकळी करायला लावली.
शेतकरी टेंपो घेऊन आले, कडब्याच्या गंजीवर टाकायला जुने फ्लेक्स हवेत. रिंगा काढून दिले.

23 जानेवारी
खानापूर रोडवरून फोन. तीनमजली, 30 बाय 15, रविवारच्या आत पाहिजे. फोन भाच्यानं घेतला. समोर तार आहे का, विचारलं. नाही म्हणाले. त्यांनी पाठवलेल्या फोटोत उजवीकडे खांब दिसतो. उद्या सकाळी टेप घेऊन दोघं जातोय.