टिळकवाडीतून कॅम्पकडे

बेळगावात टिळकवाडीचा पत्ता विचारला की समोरचा आधी विचारतो, पहिलं गेट, दुसरं गेट की तिसरं? ही रेल्वेची फाटकं. रुळांच्या कडेकडेने काँग्रेस रोडवर चालत गेलात तर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर लागते आणि तिथेच वीरसौध. गांधीजी अध्यक्ष होते असं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन इथे भरलं. पाहुण्यांना आपण ते कौतुकाने दाखवतो, फोटो काढतो आणि कुंदा घ्यायला बाजारात वळतो. पण ज्यांच्या नावाची ही वाडी, ते लोकमान्य त्याच्या आठ वर्षं आधी याच गावात जे बोलले, ते आपल्या मुलांना क्वचितच सांगितलं जातं. ते बोलणं राजद्रोह होतं का, हे ठरवायला थेट हायकोर्ट बसवावं लागलं.

साल १९१६. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं. मंडालेहून सुटून टिळकांना दोन वर्षंही झाली नव्हती. युद्ध पेटताच, ऑगस्ट १९१४ मध्ये, अशा वेळी सरकारच्या पाठीशी उभं राहायला हवं असं त्यांनी जाहीर लिहिलं होतं. स्वराज्याची मागणी मात्र त्यांनी युद्ध संपेपर्यंत बासनात गुंडाळून ठेवली नाही. एप्रिलअखेर बेळगावात प्रांतिक परिषद भरली. गांधीजीही आले होते. २८ एप्रिलला इथेच होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस.

दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, तिकडे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूट-अल-अमारा पडलं. डिसेंबरपासून वेढ्यात अडकलेल्या सुमारे तेरा हजार जणांनी तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. घोड्याच्या मांसावर दिवस काढलेली ही आपल्याच खेड्यापाड्यांतली पोरं. आणि १ मे रोजी टिळक बेळगावात बोलायला उभे राहिले.

आपली भांडणं बादशहाशी नाहीत, असं त्यांनी सांगितलं. एक सरकार डोळ्यांना न दिसणारं, ते राहू दे. दुसरं डोळ्यांना दिसणारं, म्हणजे कलेक्टर-कमिशनरांचं, ते बदलायला हवं. आपल्या भाषेत, तक्रार विठोबाविरुद्ध नाही, बडव्यांविरुद्ध आहे. पोलिसांना ही पळवाट वाटली. मला वाटतं, ती थोडी पळवाट होतीच. १८९७ आणि १९०८ असा दोनदा राजद्रोहाखाली तुरुंग भोगलेला माणूस कायद्याचं कुंपण नेमकं कुठे आहे ते जाणून बोलत होता. म्हणून मागणी खोटी ठरत नाही.

मे-जूनमध्ये अहमदनगरलाही दोन भाषणं झाली. २३ जुलैला पुण्यात टिळकांच्या साठीचा समारंभ होता. लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली आणि त्याच दिवशी सरकारची नोटीसही आली. वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत? पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने तसा हुकूमही केला. हायकोर्टात टिळकांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली. ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

त्या निकालातला बारकावा मुलांनी जरूर समजून घ्यावा. कलेक्टर म्हणजे सरकार नव्हे, ही टिळकांची फोड न्यायमूर्तींनी उचलून धरली नाही. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की सुटी वाक्यं न उचलता भाषणं सबंध वाचली तर ऐकणाऱ्याच्या मनात काय उरतं? सरकारबद्दल शत्रुत्व, की सत्ता सोपवायला उशीर होतोय म्हणून नापसंती? नापसंती हा गुन्हा नव्हे. गंमत अशी, की याच हायकोर्टाने १९०८ मध्ये, युद्ध नसताना, लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षं मंडालेला धाडलं होतं. आणि युद्धकाळात तेच कोर्ट त्यांना मोकळं सोडत होतं.

सगळ्यांच्या वाट्याला असं कोर्ट आलं नाही. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून गदर चळवळीत सामील होऊन परतले. मार्च १९१५ मध्ये मेरठला घोडदळाच्या लाइनीत ते बॉम्बसह सापडले. शिपायांनाच उठवायचं, हा बेत होता. खास न्यायाधिकरण बसलं, अपिलाची सोय नव्हती आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. कायद्याच्या पुस्तकात टिळक रेषेच्या अलीकडे आणि पिंगळे पलीकडे. आपण मात्र दोघांनाही देशभक्त म्हणतो. तेव्हा ज्याच्याशी निष्ठा राखायची ते राज्य कोणाचं, हा प्रश्न त्या रेषेच्याही आधी येतो. राज्य आपलं स्वतःचं असलं की मग? त्यावर माझ्या घरातही एकमत नाही, आणि जेवणाची ताटं गार होतात.

टिळकांचा फौजेला विरोध नव्हता, हे विसरायला नको. तरुणांनी भरती व्हावं, पण हिंदी माणसाला अफसरीही मिळावी, एवढी त्यांची अट. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत ते स्वराज्याकडे वळताच गव्हर्नर विलिंग्डननी त्यांना थांबवलं. ते उठून चालते झाले.

कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये शर्कत युद्धस्मारक आहे. शर्कत हे मेसोपोटेमियातलंच ठिकाण. तिथे ११४व्या मराठा पलटणीने १९१८ च्या ऑक्टोबरात पराक्रम गाजवला. सेंटर बेळगावात आलं ते त्यानंतर. स्मारक लष्करी हद्दीत असल्याने मनात आलं म्हणून आत जाता येत नाही. रस्त्यावरून मात्र पहाटे भरतीची पोरं पळताना दिसतात.

नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबईत टिळकांचा निकाल लागला, त्या सुमारास कूटचे कितीतरी हिंदी कैदी रास-अल-ऐनला तुर्कांच्या रेल्वेच्या कामावर राबत होते. त्यांतले बरेच परत आले नाहीत.