प्लग ओला की कोरडा?

येझदीची किक कुठे असते, असं आजच्या एखाद्या पोराला विचारून पाहा. बिचारा गाडीच्या उजव्या अंगाला वाकून शोधत बसेल! किक असते डावीकडे, आणि गंमत म्हणजे गिअरचा दांडाच किक होतो. दांडा आत दाबायचा, वर फिरवायचा, की झाली किक तयार. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या एका मराठी घरातल्या चाळिशीच्या मुलाला हे गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. वडिलांच्या मागे बसून तो शाळेत गेला, क्लासला गेला, पण गाडीला हात लावायची परवानगी त्याला कधी मिळाली नाही.

गाडी १९८४ सालची, येझदी रोडकिंग. वडील हिंदुस्थान मशीन टूल्समध्ये नोकरीला, आई माहेरची बेळगावची. हप्त्यांवर घेतलेली ती गाडी म्हणजे त्या घरातली पहिली मोठी खरेदी. फ्रिज त्यानंतर आला.

कर्नाटकात या गाडीचं जे कौतुक आहे, ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. मूळची चेकोस्लोवाकियाची 'जावा' १९६१पासून म्हैसूरला बनू लागली, आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात. पुढे तिचंच नाव झालं येझदी. मालक इराणी कुटुंबातले, त्यामुळे नाव आलं इराणमधल्या यझ्द शहरावरून. १९९६मध्ये कारखाना बंद पडला, पण गाड्या काही बंद पडल्या नाहीत. आजही जुलैच्या दुसऱ्या रविवारी बंगळुरातले जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या पुसूनपासून एकत्र जमतात. गेल्या काही वर्षांत ही दोन्ही नावं नव्या गाड्यांवर परत आली आहेत, पण तो जुना टू-स्ट्रोकचा आवाज आणि मागून निघणारा निळसर धूर त्यांच्यात नाही. (शेजाऱ्यांच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं!)

तर या घरातल्या वडिलांना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणं जड झालं. गाडी जिन्याखाली उभी राहिली. औषधं, फिजिओथेरपी, रात्रीची बाई... खर्च काही थांबत नव्हता. त्यात गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलेलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आणि त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. चालू गाडी! मुलाने सरळ हिशेब मांडला. जुन्या येझदीला हौशी लोक चांगली किंमत देतात, विकून टाकू. वडिलांना विचारलं तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. तो होकार होता की नकार, हे घरात कुणालाच कळलं नाही.

गिऱ्हाईक आलं. मुलाने नवी बॅटरी बसवून ठेवली होती. वीस किका मारल्या, गाडी ढिम्म. गिऱ्हाइकाने भाव निम्म्यावर आणला. बोलावलेल्या मेकॅनिकने टाकीवर दोन टिचक्या मारल्या आणि निकाल दिला, "इंजिन उतरवावं लागेल."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आधी प्लग तर काढा."

ही बाई जन्मात कधी गाडी चालवायला बसली नव्हती. पण पस्तीस वर्षं नवऱ्याने गाडी खोलली, की बॅटरी धरून शेजारी उभं राहायचं काम तिचं. "अगं, बारा-तेराचा पाना दे", "अगं, इकडे उजेड" – असं ऐकत ऐकत सगळं तिच्या कानावरून गेलं होतं. फोडणीत काय आधी, काय नंतर, हे जसं हाताला कळतं, तसा गाडीचा क्रम तिला पाठ होता.

मेकॅनिक आणि गिऱ्हाईक दोघेही गेल्यावर तिने मुलाला कामाला लावलं. टाकीतलं दीड वर्षाचं पेट्रोल आधी ओतून टाकलं. पेट्रोल शिळं होतं, आणि आता त्यात इथेनॉल असल्याने हवेतलं पाणीही ते ओढून घेतं. ताजं पेट्रोल, त्यात मापाने टू-स्ट्रोक ऑइल. मग टाकीच्या झाकणाचं बारीक छिद्र टाचणीने मोकळं केलं. ते बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. कार्बोरेटरची नळी काढून पाहिली, धार नीट होती.

"आता किक मार चार-पाच, आणि प्लग काढ. ओला आहे की कोरडा?"

"ओला."

"म्हणजे पेट्रोल पोचतंय. ठिणगीत गोम आहे."

कोरडा असता, तर पुन्हा कार्बोरेटरकडे जावं लागलं असतं. इतका साधा फाटा, पण तोच चुकला की माणूस दिवसभर नको ते खोलत बसतो. प्लग पुसला, टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवला, बाजूला सांडलेलं पेट्रोल कोरडं होऊ दिलं आणि मुलाने किक मारली. ठिणगी आली, पण मरतुकडी, नारिंगी. हवी ती निळी, कडक.

बाजूचं झाकण उघडलं. पॉइंट जळून काळे पडलेले. आईने ते बारीक पॉलिश पेपरने घासून घेतले, फट पाहिली, ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. तरीही पॉइंटवर चरचर ठिणग्या उडतच होत्या. आई खाटेशी गेली. "अहो, पॉइंटवर जाळ होतोय. कंडेन्सर ना?"

वडिलांनी डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जवळ आणून बोटभर लांबीची वस्तू दाखवली. मान दोनदा हलवली.

जे. सी. रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तिथून मुलाने कंडेन्सर आणला. पिझ्झा मागवला असता तर जास्त पैसे गेले असते. तो बसवल्यावर तिसऱ्या किकेला गाडी फटफटली, आणि जिन्यात धूरच धूर झाला. मुलगा आनंदाने रेस वाढवत सुटला, तसा आतून जड, तुटक आवाज आला, "कमी... कर." सहा महिन्यांत वडिलांचे दोन शब्द सलग कुणी ऐकले नव्हते.

आरटीओत गाडी मुलानेच चालवत नेली. वाटेत दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा त्याने आधी प्लग काढून पाहिला. त्या गिऱ्हाइकाचा फोन पुन्हा आला होता, या वेळी पूर्ण भावाने. आईने फोन घेतला आणि विचारलं, "तुम्हाला प्लग साफ करता येतो का?" पलीकडून म्हणे उत्तर आलं, "त्याला मेकॅनिक आहे ना." गाडी अजून जिन्याखालीच आहे. रात्रीच्या बाईचा पगार मुलगा आणि त्याची बायको मिळून देतात, आणि रविवारी सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, वडिलांची खाट खिडकीशी सरकवून.