संधी सोडवा : ट्रायटन

मंडळी, आज जरा व्याकरण. 'ट्रायटन' या शब्दाची फोड करा. ट्रायम्फमधला 'ट्राय' आणि नॉर्टनमधला 'टन'. लंडनला लेकीकडे गेले होते, तेव्हा तिच्या शेजारच्या गृहस्थांनी नव्याने उभी केलेली ही मोटरसायकल पाहिली. इंजिन ट्रायम्फचं, ६५० सीसीचं, सांगाडा नॉर्टनचा.

गंमत अशी की या दोन्ही कारखान्यांनी असली गाडी कधी बनवलीच नाही. नॉर्टनचा १९५० सालचा 'फेदरबेड' सांगाडा वळणावर डगमगत नसे. ट्रायम्फच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला जोर चढवणं सोपं. त्या काळी ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींसाठी लोक नॉर्टनची 'मँक्स' विकत घेत, तिचं इंजिन काढून घेत आणि सांगाडा उरे. त्यात पोरं ट्रायम्फचं इंजिन बसवत. हँडल खाली, फोर्कच्या नळ्यांनाच आवळलेलं, पाय ठेवायचे खुंट मागे, सीट एकट्यापुरती. अशा गाड्या घेऊन ती नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या 'एस कॅफे'त जमत (१९३८ साली निघालेला हा कॅफे १९६९ला बंद पडला, २००१मध्ये पुन्हा उघडला) आणि 'टन' मारायला निघत. टन म्हणजे ताशी शंभर मैल, आपले १६० किलोमीटर! त्यातली काही पोरं परत आली नाहीत. गृहस्थांचा एक मित्रही त्यांत होता. हे सांगताना ते हातातलं फडकं उगाच टाकीवर फिरवत राहिले.

चार वर्षं खपून त्यांनी गाडी तयार केली, आणि पहिल्याच फेरीत पाठ धरली. वय सत्त्याहत्तर! तेव्हा त्यांनी सरळ उंच हँडल बसवून घेतलं. त्यांचे जुने सोबती रागावले. म्हणाले, गाडीचं मूळ रूप घालवलंस.

मला प्रश्न पडला, कुठलं मूळ रूप? त्या पोरांनीही आपल्या अंगाला मानवेल आणि खिशाला झेपेल तशीच तर ती जोडली होती. विशीतल्या पाठीला खालचं हँडल चाललं, आताच्या पाठीला उंच हवं. मला तरी यात काही बिघडलंसं वाटत नाही.

माझ्या आईची इरकल मी पेटीत जपून ठेवली, ती घडीवर विरली. मावशीने आपल्या नऊवारीची गोधडी शिवली. तेव्हा आम्ही सगळ्या हळहळलो होतो. ती गोधडी आज तिसऱ्या पिढीतलं पोर पांघरतंय.