सहीची शाई

इंदूरच्या एका जुन्या घरात एक वृद्ध मराठी छायाचित्रकार गेले चार दिवस एकाच प्रश्नाशी झुंजत आहेत. चाळीस छायाचित्रे एका ग्रंथालयास द्यावयाची आहेत. त्यांवर सही कशाने करावी? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक. परंतु ज्याने एकदा चुकीची शाई वापरली आहे, त्यास तो तसा वाटत नाही. १९७८ साली एका प्रदर्शनासाठी त्यांनी प्रतींच्या पाठीवर स्केचपेनाने सह्या केल्या होत्या. आज त्या सहीचा जांभळट डाग कागद भेदून पुढे, महेश्वरच्या घाटावरील आभाळात उतरला आहे. नाव मात्र वाचता येत नाही.

म्हणून आता त्यांनी शाईचा अभ्यास आरंभिला आहे. विद्राव्य रंगाची शाई उजेडाने विटते आणि ओलाव्याने पसरते. जुनी लोहयुक्त शाई आम्लधर्मी. ती कालांतराने कागदच खाते. बॉलपेनाच्या टोकाचा दाब पलीकडे वळ उठवितो. टिकते ती रंगकणांची शाई, कारण तिचे काळे कण बहुधा कार्बनचे असतात. पोथ्या लिहिणारे आपले लेखक काजळीची शाई घोटत, तेव्हा त्यांनी हेच जाणले होते. छायाचित्राच्या सान्निध्यात येणाऱ्या कागदाची, गोंदाची, शाईची एक आंतरराष्ट्रीय कसोटीही आहे: ७० अंश सेल्सिअस उष्णता आणि ८६ टक्के आर्द्रता यांत पंधरा दिवस ठेवून चित्रास बाधा होते की काय, हे पाहतात. प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावर पेन्सिल नीट उमटत नाही. तेथे अशा कसोटीस उतरलेले पेनच हवे. बराइटाच्या जाड कागदावर मात्र साधी मऊ शिसपेन्सिल पुरते.

साधनाचा निर्णय झाला तरी स्थानाचा उरतोच. याच इंदुरात बांधकाम खात्याच्या नोकरीत असताना छायाचित्रणाकडे वळलेल्या लाला दीनदयाळांचे नाव आणि चित्राचा क्रमांक अनेकदा निगेटिव्हवरच लिहिलेला असे. प्रत्येक प्रतीबरोबर तो आपोआप उमटे. अभंगातील नाममुद्रेची जात हीच. ती रचनेच्या बाहेर नसते, तिच्या अंगातच असते. बसवण्णांच्या वचनांत तर अंकित म्हणून येते ते कूडलसंगमदेवाचे नाव, कवीचे नव्हेच. आणि जनाबाई सही करते तीही ‘नामयाची जनी’ म्हणून, म्हणजे एका नावात दुसरे नाव धरून.

पाचव्या दिवशी मुलीने सहज विचारले, “बाबा, प्रती तर सगळ्या आई करायची ना?”

ते काही बोलले नाहीत. कॅमेरा त्यांचा होता, हे खरे. डार्करूममधले हात मात्र पत्नीचे होते. कोणते आभाळ किती गडद करावे, कोणत्या चेहऱ्यावरची सावली कोठे थांबवावी, हे तीच ठरवी. तिला जाऊन नऊ वर्षे झाली. प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर तिचे नाव कधी छापले गेले नाही. तिने ते मागितले नाही आणि त्यांनाही सुचले नाही.

त्यांनी ती डागाळलेली प्रत पुन्हा पालथी केली. खालच्या कोपऱ्यात, जांभळ्या डागापासून दोन बोटांवर, बारीक अक्षर होते: ‘१२ सेकंद. आभाळ ५ जास्त.’ शिसपेन्सिलीने लिहिलेले. कालच लिहिल्यासारखे.

दुपारी त्यांनी पेनांचा डबा बाजूला सारला. काचेवर स्वच्छ टीपकागद पसरला, पहिली प्रत पालथी ठेवली आणि हलक्या हाताने, कागदाच्या कडेलगत, आधी तिचे नाव लिहिले, मग त्याखाली आपले. तिसऱ्या प्रतीवर टोक मोडले. मुलीने ते करून दिले. चाळीस प्रतींना दोन दिवस लागले, कारण हात आता कापतो आणि लिहावयाची नावे दोन होती.